दोष शोधणे आणि दोष देणे

मराठीत ‘दोष’ या शब्दामागे दोन क्रियापदे सहज येतात. आपण दोष शोधतो आणि आपण दोष देतो. दोन्ही क्रिया इतक्या लागोपाठ घडतात की त्या वेगळ्या आहेत याचा आपल्याला विसर पडतो. पुष्कळदा तर क्रम उलटा होतो. दोष आधी दिला जातो आणि मग तो सापडेल अशा बेताने शोध सुरू होतो. हा क्रम किती घातक आहे हे मला सेमिनरीतील नीतिशास्त्राच्या तासाला कळायला हवे होते. प्रत्यक्षात ते कळले एका जुन्या मोटारीच्या इंजिनापाशी, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी. त्या शिक्षणाची किंमत मात्र दुसऱ्यानेच मोजली. ती हकिगत येथे सांगतो. तीत माझे कौतुक होण्यासारखे काही नाही.

२०११ सालची गोष्ट. आजच्या छत्रपती संभाजीनगरचे नाव तेव्हा औरंगाबाद होते आणि मी गंगापूर तालुक्यातील एका धर्मग्रामात प्रमुख धर्मगुरू होतो. धर्मग्रामाकडे १९८४ सालची एक प्रीमियर पद्मिनी होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात, इटलीच्या फियाट कंपनीच्या मूळ आराखड्यावरून ही गाडी तयार होत असे. आधी ‘फियाट ११०० डिलाइट’ म्हणून ओळखली जाणारी ही गाडी १९७० च्या दशकात ‘पद्मिनी’ झाली. मुंबईच्या रस्त्यांवर काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात तिने दोन पिढ्यांची ने-आण केली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणून कायमची निवृत्त झाली. चार सिलिंडर, १०८९ सीसी, एक कार्बोरेटर आणि एक डिस्ट्रिब्युटर, एवढाच तिचा संसार. बॉनेट उघडले की सारे काही डोळ्यांना दिसते. त्यामुळे ज्याच्या हातात पाना आहे त्या प्रत्येकाला आपण मिस्त्री आहोत असे वाटू लागते. मलाही वाटत असे.

आमच्याकडे गावातीलच एक तरुण गाडी चालवायला होता. वय बावीस-तेवीस, वडील शेतमजूर. पगार बेताचाच, पण चर्चची गाडी चालवतो म्हणून गावात त्याला मान होता. चावी माझ्या खोलीबाहेरच्या खिळ्यावर टांगलेली असे. रात्री-अपरात्री कोणी आजारी पडले की तो चावी घेई, मला सांगे आणि निघे.

जुलै महिन्यातील एका पावसाळी रात्री एका बाळंतिणीला घेऊन तो औरंगाबादला घाटी रुग्णालयात गेला. पेट्रोलसाठी मी त्याला पाचशे रुपये दिले होते. पहाटे तो परतला. बाई सुखरूप होती. सकाळी मी गाडी सुरू केली तर इंजिन थरथरत होते. मिस्त्री लोक ज्याला ‘मिसिंग’ म्हणतात तसा प्रकार. उभ्या जागी गाडी धडधडे, मध्येच दम सोडल्यासारखी होई आणि एखादे वेळी बंदच पडे. मी पेट्रोलची पावती मागितली. त्याच्याकडे ती नव्हती. रात्रीची वेळ, गाडीत कळा देणारी बाई; पावती मागायला कोण थांबतो? पण त्या क्षणी मला हे सुचले नाही. मला एवढेच दिसले की काल गाडी त्याच्या हातात गेली आणि आज ती बिघडली आहे.

संशयाला खतपाणी मिळावे असेच ते वर्ष होते. त्याच वर्षी २५ जानेवारीला मनमाडजवळ पानेवाडी येथे इंधनातील भेसळीचा प्रकार उघडकीस आणू पाहणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले होते. सारा महाराष्ट्र हादरला होता. रॉकेलमिश्रित पेट्रोल ही केवळ वदंता नव्हती. तिने एका कर्तव्यदक्ष माणसाचा जीव घेतला होता. रस्त्याकडेला कॅनमधून स्वस्तात मिळणारे इंधन सर्वांच्या माहितीचे होते. मी मनात हिशेब मांडला: पाचशे रुपये, पावती नाही, सकाळी इंजिन थरथरते. उत्तर तयार झाले.

मी त्याला काही बोललो नाही. पुढे मी या गोष्टीचा आधार घेऊन स्वतःची समजूत घालत असे, म्हणून ती मुद्दाम नोंदवतो. मी आरोप केला नाही, आवाज चढवला नाही. फक्त खिळ्यावरची चावी काढली आणि माझ्या टेबलाच्या खणात ठेवली. मग टाकी रिकामी केली, शहरातून नवे पेट्रोल आणून भरले आणि गाडी सुरू केली. थरथर जशीच्या तशी होती.

येथे थोडे थांबावे असे मला वाटते. भेसळ हेच कारण असते तर पेट्रोल बदलल्यावर काहीतरी फरक पडायला हवा होता. तो पडला नाही. माझ्या तर्काचा पाया त्याच क्षणी ढासळला होता. पण मी काय म्हणालो? “भेसळीमुळे आत काहीतरी कायमचे बिघडले असणार.” प्रतिकूल पुरावा समोर आला तेव्हा मी तर्क सोडला नाही. तर्काला आणखी एक टेकू दिला. मग कार्बोरेटरचा स्क्रू पिळून इंजिनाचा वेग वाढवला. थरथर झाकली गेली. ती झाकली गेली म्हणून मी तिचा विचार करणे सोडले आणि चावी खणातच राहिली.

गावाला चावीचा अर्थ बरोबर कळला. धर्मगुरूने चावी काढून घेतली म्हणजे काहीतरी असणारच, असे लोक बोलू लागले. माझे मौन गावात आरोपापेक्षा मोठ्याने ऐकू गेले. पंधरा दिवसांच्या आत तो मुलगा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामाला निघून गेला. जाताना भेटून गेला, पाया पडला. काही विचारले नाही. मीही काही सांगितले नाही.

ऑगस्टमध्ये गाडी चढावर दम तोडत नसे, पण सिग्नलला उभी राहिली की बंद पडे. तेव्हा मी ती शहागंजच्या बाजूला असलेल्या एका वृद्ध उस्तादांकडे नेली. पत्र्याची शेड, भिंतीवर पाने टांगलेले, हाताखाली दोन पोरे. निझामाच्या काळातील मोटारींवर काम केलेल्या वडिलांच्या हाताखाली ते शिकले होते. मराठी बोलत, पण दख्खनी वळणाची. मी गाडीतून उतरता उतरताच निदान सांगून टाकले: “उस्ताद, ड्रायव्हरने रॉकेल घातलेले पेट्रोल भरले, तेव्हापासून ही अशी झाली.”

त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, “फादर साहेब, ते नंतर बघू. आधी तिला बोलू द्या.”

त्यांनी इंजिन चांगले गरम होऊ दिले. पाच-सात मिनिटे काहीच केले नाही. नुसते ऐकत उभे राहिले. मग प्रश्न विचारले. थंड असताना करते की गरम झाल्यावर? उभी असताना की चालताना? वेग वाढवला की थांबते की वाढते? प्रत्येक प्रश्नाला मला उत्तर माहीत होते, आणि तरीही त्यांपैकी एकही प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. शेवटी त्यांनी विचारले, “आणि हे सुरू व्हायच्या आधी हिला हात कोणी लावला?”

मी म्हणालो, “तेच सांगतो आहे. त्या मुलाने.”

“मुलाने गाडी चालवली,” ते म्हणाले. “मी विचारतो, हात कोणी लावला?”

त्या वेळी मला प्रश्नाचा रोख समजला नाही. मी गप्प राहिलो आणि ते कामाला लागले. त्यांनी जे केले ते पायरीपायरीने सांगतो, कारण या लेखाचा खरा विषय त्या पायऱ्यांतच आहे.

प्रथम त्यांनी चालत्या इंजिनावर एकेका प्लगची वायर कोरड्या फडक्याने धरून काढली आणि परत लावली. चार सिलिंडरांपैकी एखादा काम करत नसेल तर त्याची वायर काढल्याने काहीच फरक पडत नाही; तो आधीच गप्प असतो. जो काम करत असतो त्याची वायर काढली की इंजिन आणखी लंगडते. आमच्या गाडीत चारही वायरींना इंजिन सारखेच लंगडले. म्हणजे कोणी एक आळशी नव्हता. चौघांनाही सारखाच त्रास होता. दोष एकट्यादुकट्याचा नसून चौघांना समाईक असलेल्या कुठल्यातरी गोष्टीत होता.

मग त्यांनी चारही प्लग बाहेर काढले आणि उजेडात धरले. रॉकेलमिश्रित पेट्रोल नीट जळत नाही. प्लगवर काजळी धरते. हे प्लग फिकट, पांढुरके होते. पेट्रोल कमी आणि हवा जास्त जळते आहे याची ती खूण. साधारणपणे वजनाने एका भाग पेट्रोलला पंधरा भागांच्या आसपास हवा लागते. येथे हवेचा वाटा त्याहून वाढला होता. “रॉकेल असते तर हे काळे असते,” ते सहज म्हणाले. मला मात्र ते वाक्य सहज ऐकता आले नाही.

हवा वाढली किंवा पेट्रोल घटले, या दोनच शक्यता उरल्या. पेट्रोल अपुरे येत असेल तर गाडी वेगात आणि चढावर दम सोडते, कारण तेथेच तिला जास्त पेट्रोल लागते. आमची गाडी वेगात ठीक होती. उभी असताना थरथरत होती. बाहेरची हवा एखाद्या फटीतून आत शिरत असेल तर नेमके असेच होते. उभ्या जागी इंजिन अगदी थोडी हवा घेत असते, तेव्हा फटीतून आलेली चोरटी हवा त्या मानाने पुष्कळ ठरते. वेगात तीच हवा एकूण हवेच्या मानाने नगण्य होते. उस्तादांनी तेलाच्या बुधलीतून कार्बोरेटरच्या बुडाशी, जेथे तो इंजिनावर बसतो त्या जोडावर, तेलाचे चार थेंब सोडले. क्षणभर इंजिनाचा आवाज एकसारखा झाला. तेलाने फट बुजवली होती. तेल आत ओढले गेले आणि थरथर परत आली.

त्यांनी कार्बोरेटर उतरवला, त्याच्या बुडाच्या सपाट बाजूवर पोलादी पट्टी आडवी धरली आणि मला बोलावले. पट्टी दोन्ही टोकांना टेकली होती. मधून उजेड दिसत होता. दोन्ही नट गरजेपेक्षा फार जोराने आवळल्याने बूड वाकले होते.

“हे आवळले कोणी?” उस्तादांनी विचारले. आता मला प्रश्नाचा रोख समजला.

ते मी आवळले होते. त्या रात्रीच्या दहा दिवस आधी, एका शनिवारी दुपारी, मी मोठ्या हौसेने कार्बोरेटर उतरवून साफ केला होता आणि पुन्हा कधी सैल होऊ नये म्हणून सारा जोर लावून बसवला होता. इंजिनाच्या उष्णतेने ते बूड हळूहळू आणखी वाकत गेले असावे. मधल्या दहा दिवसांत मी स्वतः गाडी चालवली नव्हती. उस्तादांनी काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर ठेवून ते बूड अर्धा तास घासले, सपाट केले, नवे पॅकिंग घातले आणि दोन्ही नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळले. इंजिन शांत झाले. त्यांनी दीडशे रुपये घेतले.

तर्कशास्त्राच्या अभ्यासात आम्हाला न्यायदर्शन शिकवले गेले होते. जे असताना कार्य असते आणि जे नसताना कार्य नसते, त्या दोन्ही बाजू तपासल्याशिवाय कारण ठरवू नये, हा अन्वय-व्यतिरेकाचा नियम मी परीक्षेत व्यवस्थित लिहिला होता. एकेक वायर काढून पाहणारे उस्ताद तोच नियम हाताने पाळत होते. काकतालीय न्यायही आम्ही शिकलो होतो. कावळा बसला आणि त्याच क्षणी ताडाचे फळ पडले, म्हणून कावळ्याने फळ पाडले असे होत नाही. घरोघरी आपण हेच ‘कावळा बसायला आणि फांदी तुटायला’ असे म्हणतो. मला नियमही ठाऊक होता आणि म्हणही ठाऊक होती. तरीही कावळा समोर बसलेला दिसताच मी फांदीकडे पाहिलेच नाही. अज्ञानामुळे माझी चूक झाली असे म्हणण्याची सोय मला नाही.

मग चूक कशामुळे झाली? संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात लिहिलेल्या ‘सुम्मा थिओलॉजिका’ या ग्रंथात संशयाच्या आधारे न्याय करण्याविषयी स्वतंत्र विवेचन आहे. संशय कुठून येतो याची तीन कारणे ते देतात. एक, माणूस स्वतः वाईट असल्याने इतरांना तसेच समजतो. दोन, समोरच्याविषयी मनात आकस असतो. आणि तीन, दीर्घ अनुभव, ज्यामुळे वृद्ध माणसे विशेष संशयी होतात. माझ्या मनात त्या मुलाविषयी आकस नव्हता. मला वाटते मी तिसऱ्या वर्गात बसत होतो. वर्षानुवर्षे पापनिवेदन ऐकून, संस्थेचे हिशेब पाहून, लोक कसे वागतात हे आपल्याला कळते असा माझा समज झाला होता. अनुभवाने माझे कान तीक्ष्ण व्हायला हवे होते. त्याऐवजी मला ऐकण्याची गरज उरली नाही.

याच विवेचनात अक्वायनस एक भेद करतात आणि तो मला उस्तादांच्या शेडमध्ये उभा असताना आठवला. वस्तूविषयी न्याय करणे वेगळे आणि माणसाविषयी न्याय करणे वेगळे, असे ते म्हणतात. वस्तूविषयी आपण काहीही ठरवले तरी तिचे काही बिघडत नाही. म्हणून तिच्या बाबतीत ती जशी आहे तशीच जाणून घेण्याचा प्रयत्न करावा. माणसाविषयी आपण जे ठरवतो त्याने मात्र त्या माणसाचे भले किंवा वाईट होते. म्हणून शंका असेल तेथे चांगला अर्थ घ्यावा. असे करताना आपण अनेकदा फसू, हेही ते मान्य करतात. पण वाईट माणसाला चांगले समजून वारंवार चुकणे हे चांगल्या माणसाला वाईट समजून क्वचित चुकण्यापेक्षा बरे, असे त्यांचे म्हणणे आहे.

आता माझ्या वर्तनाकडे पाहा. मी तर वस्तूला द्यायचा न्यायही त्या मुलाला दिला नाही. इंजिनाला निदान उस्तादांनी दोषमुक्त होण्याची संधी दिली. प्रत्येक प्लगला ‘तू नाहीस’ असे ठरण्याची वाट मोकळी होती. माझ्या संशयाला अशी वाटच नव्हती. पेट्रोल बदलून फरक पडला असता तर तो मुलगा दोषी ठरला असता, आणि फरक पडला नाही तरीही तो दोषीच राहिला. ज्या चाचणीत आरोपी कधीच सुटू शकत नाही ती चाचणीच नव्हे.

येथे वाचकांच्या मनात एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. सर्वांविषयी चांगलेच समजायचे, तर लबाडांचे फावते. यशवंत सोनवणे यांनी काय चांगले समजून गप्प बसायला हवे होते? ज्याच्या हाती लोकांचा पैसा आहे त्याने पावती मागू नये? मागितलीच पाहिजे. अक्वायनसही सांगतात की उपाय योजताना, खबरदारी म्हणून, वाईटात वाईट शक्यता गृहीत धरणे शहाणपणाचे असते. तथापि गृहीत धरणे आणि ठरवून टाकणे यांत अंतर आहे. उस्तादांनीही भेसळीची शक्यता धरलीच होती. त्यांनी प्लग उजेडात धरले ते त्यासाठीच. तपासणी आणि संशय यांतला फरक मला आता असा दिसतो: तपासणी सर्वांना सारखी लागू असते, ती उघड असते, आणि तिचा शेवट ‘नाही’ असाही होऊ शकतो. संशय एकालाच निवडतो, गुपचूप असतो आणि त्याला ‘नाही’ हे उत्तर ऐकूच येत नाही. पावतीचा नियम मी त्या दिवसापर्यंत कधी केला नव्हता. केला असता तर तो मलाही लागू झाला असता आणि कोणाचाही अपमान झाला नसता.

दुसऱ्या आठवड्यात मी वाळूजला गेलो. एका कारखान्याच्या फाटकाबाहेर, पाळी सुटण्याच्या वेळी, तो भेटला. आम्ही चहाच्या टपरीवर बसलो. मी सारे सांगितले: नट, वाकलेले बूड, पांढरे प्लग. मी तुझ्यावर संशय घेतला होता, हेही सांगितले. त्याला ते ठाऊक होतेच. तो बराच वेळ ग्लासकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “फादर, गाडी त्या रात्रीच्या आधीपासूनच थरथरत होती. तुम्ही कार्बोरेटर साफ केला ना, त्याच्या दोन-तीन दिवसांनंतर मला जाणवलं होतं.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही स्वतः केलं होतं काम,” तो म्हणाला. “इतके खुशीत होता तुम्ही. कसं सांगणार?”

या उत्तराचा विचार मी अजून करतो आहे. ज्याच्यापाशी नेमका पुरावा होता त्यालाच मी आरोपी केले होते. आणि तो पुरावा माझ्यापर्यंत आला नाही, याचे कारण त्याचा भित्रेपणा नव्हे. माझ्यासमोर माझी चूक बोलून दाखवता येईल अशी जागाच मी ठेवली नव्हती. अधिकाराच्या जागी बसलेल्या माणसाला, मग तो धर्मगुरू असो, मुख्याध्यापक असो, की घरातील वडीलधारा असो, स्वतःच्या दोषाची बातमी सर्वांत शेवटी कळते. खालच्या माणसाला ती आधी कळलेली असते. म्हणून बिघाड दिसला की ‘कोणी केले?’ या प्रश्नाआधी वरच्या माणसाने एक प्रश्न स्वतःला विचारावा, तोच उस्तादांचा: याआधी हात कोणी लावला होता? आणि त्या यादीत पहिले नाव स्वतःचे घालून पाहावे. नम्रता दाखवण्यासाठी नव्हे. ती तपासणी सर्वांत सोपी आणि स्वस्त असते, म्हणून. चांगला मिस्त्री सोपे आणि स्वस्त ते आधी तपासतो. राग ज्याच्यावर आहे ते आधी नव्हे.

एखाद्याचे नाव खराब केले तर ते परत मिळवून देणे हे कर्तव्य आहे, असे आमचे नीतिशास्त्र सांगते. नुसती खासगी क्षमायाचना पुरत नाही. पुढच्या रविवारी मिस्सानंतर मी लोकांना सांगितले की गाडी माझ्या हातून बिघडली होती आणि त्या मुलाची काहीही चूक नव्हती. लोकांनी ऐकले. किती जणांनी मानले हे मला सांगता येणार नाही. घासून सपाट केलेले बूड पुन्हा घट्ट बसते. गावातल्या बोलण्याचे तसे होत नाही. तो मुलगा परत आला नाही. वाळूजलाच राहिला, पुढे चारचाकी गाड्यांच्या कामात शिरला आणि आता त्याचा संसार तिथेच आहे. नाताळला भेटायला येतो. त्याचे बरे चालले आहे, पण त्याने माझी चूक लहान होत नाही. बरे चालले नसते तर?

ही हकिगत इथे संपवता आली असती. पण अलीकडे एक गोष्ट घडली आणि तिने या शिकवणीची दुसरी बाजू दाखवली. ती पद्मिनी अजून एका स्नेह्याकडे आहे. २०२१ च्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद व्हायला वाहन पन्नास वर्षांहून जुने असावे लागते. तिला अजून अवकाश आहे. मध्यंतरी ती पुन्हा थरथरू लागली. स्नेह्याने मला विचारले, कारण माझी जुनी गोष्ट त्याला माहीत होती. मी ठामपणे म्हणालो, “पेट्रोलला दोष देऊ नकोस. कोणीतरी कार्बोरेटर आवळला असेल.”

मी पुन्हा चुकलो होतो. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२५ पर्यंत देशभर, वीस टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल आले आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या कार्बोरेटरला जुळवून दिलेले मिश्रण आपोआप हवेकडे झुकते. ते पाणी ओढून घेते, आणि त्या काळच्या रबरी नळ्या ते सोसण्यासाठी बनवलेल्याच नव्हत्या. या वेळी नळीचे रबर आतून मऊ होऊन सुटत होते आणि त्याचे कण जेटमध्ये अडकत होते. दोष नळीचाही म्हणता येणार नाही. १९८४ साली जे मागितले गेले ते ती निमूटपणे करत आली होती. बदलला होता तो काळ. हे शोधून काढले उस्तादांच्या हाताखालच्या दोन पोरांपैकी एकाने. उस्ताद आता नाहीत. त्याने माझे निदान ऐकून घेतले आणि गुरूचेच वाक्य म्हटले: “फादर, ते नंतर बघू.”

एकदा निर्दोष ठरलेले पेट्रोल दर वेळी निर्दोष असेल, हे समजणेही आळसच होता. पूर्वी मी पुरावा न पाहता दोष दिला; आता पुरावा न पाहता दोषमुक्त केले. वरवर पाहता दुसरी चूक उदार वाटते. पण दोन्ही वेळा मी इंजिन ऐकले नव्हते. माणसाविषयी चांगला अर्थ घ्यावा हे खरेच; पण तो घ्यायचा तो ऐकून घेण्यासाठी सवड मिळावी म्हणून, ऐकणे टाळण्यासाठी नव्हे.

आज याच शहराच्या परिसरात, शेंद्र्याला, आधुनिक मोटारी तयार होतात. त्यांतल्या संगणकाला यंत्र जोडले की तो एक सांकेतिक क्रमांक दाखवतो. ‘पी०३०१’ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. हे फार सोयीचे आहे. पण तो क्रमांक कुठे दुखते एवढेच सांगतो, का दुखते ते नाही. प्लग, कॉइल, इंजेक्टर, वायर यांपैकी कोण, हे शोधायला अजूनही माणूस लागतो, आणि भाग एका सिलिंडरमधून काढून दुसऱ्यात घालून पाहण्याची जुनी युक्तीच अजून कामी येते. दोष भागाबरोबर सरकला तर भाग वाईट. दोष जागीच राहिला तर जागा तपासावी लागते.

घरात, शाळेत, संस्थेत एखादा माणूस ‘कामाचा नाही’ असे आपण ठरवतो तेव्हा ही युक्ती आठवावी. त्याला दुसऱ्या जागी ठेवून पाहिले आहे का? आणि त्याच्या जागी आपण स्वतः उभे राहून पाहिले आहे का? मी त्या रात्री त्या मुलाच्या जागी, कळा देणाऱ्या बाईला घेऊन पावसातून गाडी हाकत असतो, तर पावती मागितली असती का? एवढा एकच प्रश्न त्या सकाळी विचारला असता तर चावी खिळ्यावरच राहिली असती.